ब्लेंडची एक्केचाळिसावी चिठ्ठी

१

सकाळी सव्वादहाला कोशाच्या कचेरीतून 'ब्लेंड' नाहीसा झाला.

शब्द नाहीसा होतो म्हणजे काय, हे तिथे काम न करणाऱ्याला सांगावं लागेल. एका पुस्तकबांधणीच्या दुकानावर तीन खोल्या आणि त्यांत पाच माणसं. लोकांच्या बोलण्यात शिरलेले इंग्रजी शब्द पकडायचे आणि कोण, कुठे, कसा वापरतो ते चिठ्ठीवर उतरवायचं, हे एकच काम ती अकरा वर्षं करत होती. एका चिठ्ठीवर एक वाक्य. खाली बोलणाऱ्याचा धंदा, वय, प्रसंग. नाव लिहायचं नाही, ही मुख्य संपादकांची, म्हणजे सरांची, सक्त ताकीद. एक अर्थ छापायचा तर तीन वेगवेगळ्या माणसांच्या तीन चिठ्ठ्या हव्यात, हा दुसरा नियम. 'ब्लेंड'च्या एक्केचाळीस जमल्या होत्या. चहावाल्यांच्या, रंगवाल्यांच्या, सूतगिरणीतल्या, स्वयंपाकघरातल्या.

पान छपाईला जाण्याआधी तिथे 'वाचन' होई. सगळ्यांनी मोठ्या टेबलाभोवती बसायचं, एकाने चिठ्ठ्या खणखणीत आवाजात वाचायच्या, दुसऱ्याने टाइप केलेल्या पानावर बोट ठेवून ताडून पाहायचं. चिठ्ठ्यांशिवाय वाचन नाही आणि वाचनाशिवाय छपाई नाही. 'ब्लेंड'चं वाचन आज तीनला होतं, आणि चारला छापखान्याचा माणूस यायचा होता.

आणि कपाटातला त्याचा खण रिकामा होता.

चिठ्ठीकाकू, म्हणजे ते कपाट सांभाळणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या बाई, त्या खणात पुन्हा पुन्हा हात घालत होत्या. वस्तू जागेवर नाही हे कळायला एकदा हात घातला तरी पुरतं. स्वतःवरचा भरवसा उडाला असेल तरच माणूस पुन्हा घालतो. मुद्रितं तपासणाऱ्या टाचणीबाईंनी दारातून मोजलं, सहा वेळा झालं होतं.

"काकू," सर म्हणाले, "मागच्या महिन्यात एका शब्दाच्या चिठ्ठ्यांचं पुडकं भलत्याच खणात सापडलं होतं. तेव्हा मी बोललो नाही."

"कपाट सगळं पाहिलं मी. दोनदा पाहिलं."

"म्हणून तर म्हणतो. आता विश्रांती घ्या." सरांचा आवाज मऊ होता, आणि त्यामुळेच काकूंचा चेहरा उतरला. "तुमच्या मुलानं मला सांगून ठेवलंय, असं काही झालं तर कळवा म्हणून. मी फोन करतो. साडेचारला येऊन घेऊन जाईल तो."

काकूंनी खणातला हात काढला. मुलाचं म्हणणं कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. आई आता विसरते, तिनं आपल्या दोन खोल्या सोडाव्यात, किल्ली त्याच्या हातात द्यावी आणि त्याच्याकडे नातवंडांच्या खोलीत राहायला यावं. काकूंनी वर्षभर दाद दिली नव्हती. पण कचेरीनेही 'विसरतात' असं म्हटलं, की पुढे बोलायला तोंड कुठे उरणार?

"सर," टाचणीबाई म्हणाल्या, "फोन करायचा तो करा. पण तीनपर्यंत हे काम माझ्याकडे द्या."

"तुम्ही काय करणार?"

"तपासणार. दुसरं येतंय काय मला?"

टाचणी हे नाव सरांनीच ठेवलेलं. पाठीमागे न म्हणता ते तोंडावर म्हणत, एवढा त्यांचा मोठेपणा. त्यांनी मान हलवली आणि फोनच्या खोलीत गेले.

काकू खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "कशाला त्रास घेतेस? मीच हरवलं असेल गं."

न केलेली चोरी कबूल करणारा पहिला संशयित टाचणीबाईंना मिळाला होता.

२

"काल संध्याकाळी पुडकं कुणी दिलं तुम्हाला?"

"टकटकनं." टकटक म्हणजे टंकलेखिका. उपसंपादक डॉक्टरांची बायको. डॉक्टर औषधांचे नव्हते, पदवीचे होते. "साडेचारला तिनं पान टाइप करून सरांना दिलं आणि पुडकं माझ्याकडे. मी खणात ठेवलं, कुलूप लावलं. असं मला आठवतंय. पण आठवतंय म्हणजे झालंच असेल, असं हल्ली मी कुणाला छातीठोक सांगत नाही."

"सकाळी कपाट उघडल्यावर इथून हललात?"

"छे! कपाट उघडं टाकून मी कधी हललेय?"

"उघडलंत, की लगेच चिठ्ठ्यांना हात लावलात?"

"तशीच कशी लावीन? हात धुवायला नकोत? जुना कागद आहे तो. घामाचा हात लागला की डाग पडतो."

टाचणीबाईंनी एक भुवई वर केली. "हात धुवायला कुठे जाता?"

"मागच्या मोरीत."

"म्हणजे हलता."

काकू बघतच राहिल्या. अकरा वर्षं रोज दहाला त्या कपाट उघडत, हात धुवून येत आणि कामाला लागत. हात धुणं म्हणजे जाणं, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. रोजची वाट पायांना ठाऊक असते, डोक्याला कळवायची गरज पडत नाही.

"किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं. आज थोडा जास्त लागला. टॉवेल खिळ्यावर नव्हता. ओले हात घेऊन शोधत बसले. शेवटी सापडला टकटकच्या खुर्चीच्या पाठीवर." त्या ओशाळून हसल्या. "बघ, काल मीच तिथे टाकला असणार. हे आणखी एक विसरणं. सरांना सांगू नकोस हं."

टाचणीबाईंनी सरांना काही सांगितलं नाही. त्या मोरीकडे गेल्या. खिळा पाण्याच्या नळाला लागून होता. नळाशीच हात पुसून खिळ्यावर टॉवेल अडकवणारं माणूस तो घेऊन खोल्या ओलांडत टाइपाच्या टेबलापर्यंत जाईलच कशाला?

३

जिन्यातल्या बाकावर चाखणारे आजोबा बसले होते. चहाच्या कंपनीत चाळीस वर्षं घोट घेऊन थुंकण्यात घालवलेली. 'ब्लेंड'च्या एक्केचाळिसातल्या नऊ चिठ्ठ्या त्यांच्या बोलण्यातून उतरलेल्या. आज सकाळी ते भांडायला आले होते, आणि भांडण ऐकायला कुणाला सवड नव्हती म्हणून अजून बसून होते.

"ते तुमचे डॉक्टर म्हणतात, मिक्सरमध्ये फळं घालून लगदा करणं म्हणजेसुद्धा ब्लेंड! आणि ते आमच्या चहाच्या शेजारी छापणार!"

"लोक तसं म्हणतात, आजोबा."

"लोक काहीही म्हणतील. बाई, नीट ऐका. पानं दर वर्षी बदलतात. पाऊस कमी, ऊन जास्त, मळा वेगळा. तरी डब्यातली चव गेल्या वर्षीचीच लागली पाहिजे. त्यासाठी वीस-वीस जातींची पानं मोजून घ्यायची, ते ब्लेंड. आणि प्रत्येक पानाची स्वतःची चव मला ठाऊक असते. गिऱ्हाइकाला नसते, मला असते. हे भरडणाऱ्यांना ठाऊक असतं का?"

"म्हणून पुडकं उचललंत?"

आजोबा हसून हसून खोकले. "चिठ्ठ्या चोरून माझा मुद्दा सिद्ध होतो? उलट माझ्याच नऊ चिठ्ठ्या जातील की! मी दहाला आलो तेव्हा वर चिटपाखरू नव्हतं. काकूंची खुर्ची रिकामी, कपाट उघडं. टाइपाचा आवाजसुद्धा नाही. मला वाटलं, आज सुटी दिसते. म्हणून खाली येऊन बसलो."

टाचणीबाई उठता उठता थांबल्या. दहाच्या ठोक्याला टाइपाची टकटक सुरू होते, खालचा बांधणीवाला त्यावर घड्याळ लावतो.

डॉक्टर आपल्या टेबलाशी डोकं धरून बसले होते.

"माझा हाताने लिहिलेला खर्डासुद्धा त्याच पुडक्यात होता," ते म्हणाले. "टाइप केलेलं पान तेवढं उरलंय."

"तुम्ही किती अर्थ दिले होते?"

"तीन. पहिला, निवडक जाती ठरल्या मापाने एकत्र करणं, चहा आणि सूत. दुसरा, यंत्रात घालून एकजीव करणं. आणि तिसरा..." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "तिसरा नवा आहे. कोणत्याच कोशात नाही. माणसाबद्दलचा. परक्या माणसांत मिसळून जाणं. मी दोन वर्षं त्याच्या मागावर होतो. दोन चिठ्ठ्या होत्या, तिसरी मिळत नव्हती. एक शाळेतली शिक्षिका, दुसरा नव्या वस्तीत आलेला दुकानदार, आणि..."

"आणि?"

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. "एक स्त्री."

"कोण?"

"आपण नावं लिहीत नाही, टाचणीबाई."

चष्मा स्वच्छच होता. तरी ते बराच वेळ पुसत राहिले.

४

टाचणीबाईंनी सरांकडून टाइप केलेलं पान मागून घेतलं आणि काकूंच्या चिठ्ठ्यांची नोंदवही शेजारी उघडली.

पान नेहमीसारखं सुरेख होतं. प्रत्येक वाक्याखाली चिठ्ठीचा क्रमांक. पहिल्या अर्थाखाली सव्वीस, दुसऱ्याखाली बारा. तिसऱ्या अर्थाखाली दोनच, एकोणचाळीस आणि चाळीस. तिथून खाली पान कोरं.

त्यांनी पुन्हा मोजलं. तीन चिठ्ठ्यांखेरीज अर्थ नाही, हा नियम डॉक्टर झोपेतही मोडणार नाहीत. नोंदवहीत एक्केचाळिसावीचा क्रमांक होता, तारीख गेल्या महिन्यातली, 'जमवणारे' या रकान्यात डॉक्टर. पानावर मात्र ती नव्हती. आणि टकटकच्या हातून अकरा वर्षांत एक स्वल्पविरामसुद्धा सुटलेला टाचणीबाईंना सापडला नव्हता. त्याबद्दल त्यांचा तिच्यावर थोडा रागच होता. आज तिच्या हातून अख्खं वाक्य गळलं होतं.

मग सगळं आपोआप ओळीला लागलं. वाक्य नुसतं गाळून भागणार नव्हतं. वाचनात ते चिठ्ठीवरून मोठ्याने वाचलं गेलं असतं आणि पानावर परत आलं असतं. पाच माणसांसमोर. चिठ्ठी असेपर्यंत ते वाक्य टळत नव्हतं. म्हणून चिठ्ठीच जायला हवी होती. एकटी चिठ्ठी काढली तर नोंदवहीवरून लगेच लक्षात आलं असतं. म्हणून सगळं पुडकं गेलं. आणि काकूंना मोरीत दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटं अडकवायला टॉवेल हलला.

एक गोष्ट मात्र टाचणीबाईंना अजून कळत नव्हती. असं काय होतं त्या वाक्यात?

दोन वाजून गेले होते. त्यांनी पान हातात घेतलं आणि टाइपाच्या खोलीचं दार लोटलं.

५

टकटक डबा उघडून बसली होती. आतलं जेवण होतं तसंच होतं.

"या पानात एक वाक्य कमी आहे," टाचणीबाई म्हणाल्या.

"सुटलं असेल."

"तुमच्या हातून? मग उद्या सूर्यही सुटी घेईल."

टकटकने कार्बनच्या कागदांची पेटी ओढली, वरचे काळे कागद बाजूला केले. खाली खाकी पुडकं होतं. जणू कुणीतरी विचारावं याचीच ती वाट पाहत होती.

"वाचा," ती म्हणाली. "शेवटची."

टाचणीबाईंनी शेवटची चिठ्ठी काढली. डॉक्टरांचं नेटकं अक्षर.

'नऊ वर्षं तुमच्या घरात ब्लेंड होतेय मी. माझी अशी काही चव होती का, ते आता मलाच आठवत नाही.' बोलणारी : विवाहित स्त्री, चौतीस. प्रसंग : सासरच्या माणसांविषयी, भांडताना.

"त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले," टकटक म्हणाली. "नऊ वर्षांत पहिल्यांदा. कसं बसायचं, काय बोलायचं, कुणासमोर हसायचं नाही, सगळं शिकले मी त्यांच्या घरचं. माझं काही कुणी शिकलं नाही. त्या दिवशी बोलता बोलता रडायला लागले, तर हे उठले. मला वाटलं, पाणी आणायला उठले." ती थांबली. "पेन आणायला उठले होते."

टाचणीबाईंना हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही. अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्या नवऱ्याच्या हातून झाली नसती. बायको रडतेय आणि याला तिसरी चिठ्ठी मिळतेय.

"काल खर्डा टाइप करताना पाहिलं. माझंच वाक्य. आज सगळ्यांसमोर वाचलं जाणार. चौतीस वर्षांची विवाहित स्त्री या कचेरीत दुसरी आहे का कोणी? नाव नसलं म्हणून काय झालं? रात्रभर वाटत होतं, हे आपणहून काढतील. सकाळी यांनी विचारलं काय, तर तिसऱ्या अर्थाचं वाक्य कसं वाटलं!"

"आणि काकू?"

"थोडे दिवस उशीर होईल, एवढंच वाटलं. छपाईचा फर्मा पुढच्या आठवड्यात जाईल. काकूंवर येईल असं..."

"आलंय. सरांनी त्यांच्या मुलाला फोन केला. साडेचारला तो घर सोडायला लावायला येतोय. टॉवेल आपणच टाकला, असं मानून बसल्यात त्या."

टकटकच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं.

"तुम्ही सांगा ना," ती घाईने म्हणाली. "पुडकं कपाटामागे पडलं होतं म्हणा. मी चिठ्ठी काढून घेते."

"म्हणते. मग कपाटामागे पाडलं कुणी? काकूंनी. म्हणजे विसरल्याच त्या." टाचणीबाईंनी पुडकं तिच्यासमोर ठेवलं. "दुसऱ्या कुणी सांगून हे सुटत नाही, बाई. मी तीनपर्यंत काही बोलणार नाही. तीननंतर बोलावं लागेल, आणि ते मला नको आहे."

त्या दार ओढून बाहेर आल्या. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली होती, पण चूक सापडल्यावर इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

६

तीनला सगळे टेबलाभोवती बसले. वाचायला काही नव्हतं, सवयीने बसले. सर, डॉक्टर, टाचणीबाई, आणि पर्स मांडीवर घेऊन निघायच्या तयारीत काकू. चाखणारे आजोबाही भांडण राहिलंय म्हणून येऊन बसले. टकटकची खुर्ची रिकामी होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी टकटक आत आली आणि तिने पुडकं टेबलावर ठेवलं.

"अहो, हे कुठे..." सर अर्धे उठले.

"आधी वाचू द्या, सर. मग बोलते. डॉक्टर, तुम्ही ताडून पाहा."

तिने वाचायला सुरुवात केली. आवाज टाइपाच्या ठोक्यांसारखा, एकसारखा. चहा, सूत, रंग. "बरोबर," आजोबा आपल्या प्रत्येक चिठ्ठीला म्हणत. मिक्सरच्या चिठ्ठ्यांना त्यांनी नाक मुरडलं. डॉक्टरांचं बोट ओळीओळीने खाली सरकत होतं. शिक्षिका, एकोणचाळीस. दुकानदार, चाळीस.

एक्केचाळिसावी तिने त्याच आवाजात वाचली. वाक्य, वय, प्रसंग, सगळं. डॉक्टरांचं बोट कोऱ्या कागदावर येऊन थांबलं.

"ही मी," टकटक म्हणाली. "पुडकं सकाळी मीच घेतलं. काकू हात धुवायला गेल्या तेव्हा. टॉवेलसुद्धा मीच हलवला."

काकूंची पर्स मांडीवरून घसरली.

"टॉवेल तू हलवलास?"

"हो. चुकलं माझं, काकू."

"म्हणजे मी नाही ठेवला तिथे!" काकूंचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "अगं, मेले, सकाळपासून मी आठवतेय, कधी ठेवला, कधी ठेवला! मला वाटलं, झालं, आता खरंच सुरू झालं..." आणि त्या हसत की रडत होत्या, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. टकटकने वाकून त्यांचे हात धरले. काकूंनी एक हात सोडवून तिला चापट मारली आणि पुन्हा तोच हात तिच्या हातात दिला.

"त्यावर नाव नव्हतं," डॉक्टर पुटपुटले. म्हटल्यावर त्यातला पोकळपणा त्यांनाच ऐकू आला. त्यांनी चिठ्ठी उचलली आणि फाडायला दोन्ही हातांत धरली.

"खबरदार!" काकू ओरडल्या. "माझ्या कपाटातली चिठ्ठी आहे ती."

सरांनी ती डॉक्टरांच्या हातातून काढून घेतली. पुन्हा एकदा वाचली, या वेळी मनात. "एवढी वर्षं आपण लोकांची वाक्यं आणतो," ते म्हणाले, "पण बोलणाऱ्याला विचारत नाही. आज विचारतो. बाई, ही ठेवायची की काढायची?"

"काढा."

"दोनच उरतील. तिसरा अर्थ जाईल."

"जाऊ दे," हे डॉक्टर म्हणाले. त्यांचा दोन वर्षांचा अर्थ होता तो.

टकटकने चिठ्ठी घेऊन दुमडली. "घरी नेते. घरी वाचायची आहे, सगळ्यांना बसवून."

"मी बसेन," डॉक्टर म्हणाले. "पेन न घेता."

"नोंदवहीत काय लिहू?" काकूंनी विचारलं. कपाट त्यांचं होतं आणि प्रश्नही त्यांचाच.

"लिहा, जिची होती तिला परत," टाचणीबाई म्हणाल्या. "आणि उद्यापासून हात धुवायला जाताना कुलूप लावत जा. आजच्यातला तुमचा दोष एवढाच."

चारला छापखान्याचा माणूस येऊन दोन अर्थांचं पान घेऊन गेला. साडेचारला जिन्यात पावलं वाजली. काकूंचा मुलगा धापा टाकत वर आला, कपाळाला आठ्या घेऊनच. काकू उठल्या, पण त्यांच्या आधी सर दारात गेले. आपली चूक दारात उभं राहून सांगताना टाचणीबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुमची उगाच धावाधाव झाली. तुमच्या आई काही विसरल्या नव्हत्या. मी न तपासता बोललो."

मुलगा आईकडे बघू लागला. "पण तुम्ही फोनवर म्हणालात..."

"म्हणालो. ते चूक होतं. लिहून हवं असेल तर लिहून देतो."

"आज नाही विसरली," मुलगा चाचरत म्हणाला, "पण उद्या..."

"उद्या विसरेनही," काकू म्हणाल्या. "विसरले की मीच तुला फोन करीन. तोवर तू हो म्हणायचं आणि मी माझ्याच घरी राहायचं." त्यांनी पर्समधून आपल्या घराची किल्ली काढली, मुलाला दाखवली आणि मुठीत धरली. "आता आलाच आहेस, तर चल माझ्याकडे. जेवून जा. दार मी उघडते."